गुड्डूचा शिक्का

११ डिसेंबर २०२४

आज ठरवलं. गुड्डूच्या बरसीला वाटी नाही, गिलास नाही, डबा नाही. शिक्का द्यायचा. पितळेचा, दहाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा, एका बाजूला गुड्डूचा चेहरा, दुसऱ्या बाजूला नाव.

लोक हसतील. हसू देत. तीस वर्षं मी या आमगावच्या बाजारात लोकांच्या भांड्यांवर नावं कोरतो आहे. भांडेवाल्याच्या पायरीवर पोतं अंथरून बसायचो तेव्हापासून. आता माझं स्वतःचं शील्ड-ट्रॉफीचं दुकान आहे, तरी 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' हे अजून माझ्याच हातचं लोकांना लागतं. त्या वाट्यांचं पुढं काय होतं तेही मला ठाऊक आहे. पहिल्या वर्षी कपाटात, दुसऱ्या वर्षी वरणाला, नंतर त्याच वाटीतून कुत्र्याला भात. माझा पोरगा कोणाच्या वरणाची वाटी होणार नाही. शिक्का कोणी फेकत नाही.

राइस मिलच्या हमालांना पोत्यामागे मिळणारे पितळी बिल्ले मीच ठोकून दिलेले आहेत, म्हणजे ठसा मला नवा नाही. पण बिल्ल्यावर नुसता आकडा असतो. चेहरा कधी केला नाही. काय किती तापवलं, कशात विझवलं, कुठं चुकलं, ते लिहून ठेवायला ही वही काढली.

बायकोला, तुलसाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "करा," म्हणाली.

१४ डिसेंबर

ठशासाठी लोखंड आणायला कोहमाऱ्याला गेलो. वर्षभरात पहिल्यांदाच तिथं उतरलो. ज्या वळणावर ट्रकनं गुड्डूची मोटारसायकल उडवली ते वळण धाब्यासमोरून दिसतं. मी तिकडे पाठ करून चहा घेतला. कामाला गेलो होतो, काम केलं.

भंगारवाल्याकडे चार-पाच तुकडे होते. प्रत्येक तुकडा दुसऱ्यावर ठोकून आवाज घेतला. माझे कान देवानं फुरसतीत केलेले आहेत. दुकानात दोन गिऱ्हाइकं कोपऱ्यात कुजबुजली तरी मला भाव कुठं थांबवायचा ते कळतं. चौथा तुकडा चांगला बोलला. ट्रकचा एक्सल. भंगारवाला म्हणाला, "काका, ये लोहा नहीं, हड्डी है." खरंच तसंच जड, मुरलेलं लोखंड.

घरी ओसरीवर ठेवला. तुलसानं विचारलं हे कायचं आहे. म्हटलं ट्रकच्या एक्सलचं. कुठून आणलं विचारलं. कोहमाऱ्याहून म्हटलं. थोड्या वेळानं बघतो तर तुकडा ओसरीवर नव्हता, बाहेर शेणखताच्या खड्ड्याशी पडला होता. कपडे वाळत घालताना आड येत होता म्हणाली. एवढा जड तुकडा एकटीनं कसा ओढला कोण जाणे.

१७ डिसेंबर

काल तुकडा भट्टीत लाल केला आणि मिलमधून आणलेल्या कोंड्याच्या राखेत गाडला. सावकाश थंड झाला की मऊ पडतो, मग छिन्नी चालते. सकाळी काढला तेव्हाही आत ऊब होती. छान मऊ झाला आहे.

चेहऱ्याचा घोळ आहे. शिक्क्यावर बाजूनं चेहरा घ्यावा लागतो. समोरून घेतला तर नाक बसत नाही, ठोकताना चपटं होतं. मोबाइलमध्ये गुड्डूचे पुष्कळ फोटो आहेत, कबड्डीचं शील्ड घेतलेला, मित्रांच्या गळ्यात हात टाकलेला, पण बाजूनं एकही नाही. पोरांचा बाजूनं फोटो कोण काढतो? चोवीस वर्षं माझ्या शेजारी बसून जेवला, आणि कानाखालून हनुवटीपर्यंतची त्याची रेघ मला आठवेना.

२० डिसेंबर

तुलसाला विचारलं. वाटलं नव्हतं बोलेल, पण हातातलं काम ठेवून जवळ येऊन बसली. डोळे मिटून बोटानं हवेत रेघ काढली, कपाळ, मग नाकावरचा तो किंचित उंचवटा, वरचा ओठ, मिशी. मी पेन्सिलनं मागं मागं. कानाची पाळी कशी, गालाला चिकटलेली की सुटी? "चिकटलेली," म्हणाली. मी जबडा टोकदार काढला तर तिनं कागद ओढून घेतला आणि थुंकी लावून बोटानंच पुसून गोल केला.

तासभर तरी बसली असेल. शेवटी चेहरा असा आला की मीच पेन्सिल खाली ठेवली. योगेश्वरीला गोंदियाला फोन करून सांगितलं, तुझी माय आज पहिल्यांदा माणसात आली. पोरगी फोनवर रडायला लागली. आनंदानं रडत असेल.

२८ डिसेंबर

आठ दिवस कोरतो आहे. ठशात सगळं उलटं: डावं ते उजवं, आणि जे वर यायला हवं ते खोल जायला हवं. नाक म्हणजे खड्डा. किती झालं ते बघायला कणीक दाबून बघतो. कणकेवर चेहरा उठतो, मग कळतं कुठं कमी आहे.

कणीक तुलसा मळून देते. आज चौथ्यांदा मागितली तर म्हणाली, दाबून झालं की गोळा मले वापस द्या. दिला. मला वाटलं त्याच्या पोळ्या करेल. दुपारी पाण्याचा तांब्या घ्यायला आत गेलो तर फडताळात सगळे गोळे ओळीनं ठेवलेले, वर ओलं फडकं. आंबट वास सुटलेला. पीठ काऊन वाया घालवून राहिली म्हटलं, तर तिनं फडकं पुन्हा नीट पांघरलं. बायकांना एखादी गोष्ट फेकवत नाही, त्यातलाच प्रकार.

२ जानेवारी २०२५

चूक झाली. लिहून ठेवतो म्हणजे पुन्हा होणार नाही. ठसा कोरून झाल्यावर कडक करायला लाल केला आणि थंड पाण्यात घातला, छिन्न्या घालतो तसा. एक्सलच्या लोखंडाला ते मानवत नाही. पाण्यात गेल्याबरोबर 'टक' असा आवाज झाला. तो आवाज ऐकताच मला कळलं, बघायचीही गरज नव्हती. कपाळापासून हनुवटीपर्यंत तडा.

तो तुकडा पोत्यात गुंडाळून मागच्या खोलीत ठेवला. तुलसाला दाखवला नाही. दवाखान्यात तिनं त्याला जसा पाहिला होता, तसाच दिसत होता. एवढं मला कळतं.

उरलेल्या एक्सलमधून दुसरा कापायला घेतला.

१२ जानेवारी

दुसरा ठसा झाला. हात बसला आहे, पहिल्यापेक्षा चांगला. मिशीचे केससुद्धा घेतले, वेगवेगळे. या वेळी जवसाच्या तेलात विझवला, मग परत थोडा गरम करून गव्हाळ रंग आला तसा बाजूला काढला. टिचकी मारून बघितली. घंटेसारखा स्वच्छ बोलला. तडा नाही.

माझ्याच पाठीवर माझाच हात पोचेना, नाहीतर थोपटून घेतली असती.

१५ जानेवारी

आज ठोकायला सुरुवात. हातप्रेसचा दाब चेहऱ्याला पुरत नाही, म्हणून घणच. टिकाराम आला होता. मिलमधला जुना हमाल, गुड्डूला खांद्यावर बसवून बाजारात फिरवायचा, अजून त्याचा दंड माझ्या मांडीएवढा आहे. ऐरणीवर खाली ठसा, त्यावर तापवून मऊ केलेली पितळेची चकती, वर नावाचा ठसा. मी चिमट्यानं धरायचं, त्यानं घाव घालायचा. घाव बरोबर बसला की आवाज बसका येतो. खणखणला तर समजायचं की चकती उडाली आणि चेहरा दुहेरी आला.

पहिल्या दोन चकत्या वाया. तिसरी उचलली, राख पुसली, आणि गुड्डू होता. जसाच्या तसा. मी टिकारामच्या हातात दिला. त्यानं बघितला, कपाळाला लावला, परत दिला. मी म्हटलं, चला, पुढचा. त्यानं घण उचलला खरा, पण घावात पहिला जोर राहिला नाही. दोनदा खणखणला. मी म्हटलं, टिकाराम, म्हातारा झालास. तो हसला नाही. एरवी अशा गोष्टीवर शिवी देऊन हसतो.

१८ जानेवारी

टिकाराम येत नाही. निरोप पाठवला, खांदा भरून आला आहे म्हणे. आज मिलवरून जाताना पाहिलं, पोती वाहत होता, दोन-दोन. मला पाहून पोत्याआड झाला. माणसं कामाला कशी टाळाटाळ करतात ते बघा. बरं, मी काही त्याच्या भरवशावर धंदा उभा केला नाही. आता एका हातानं चिमटा, एका हातानं घण. हळू होतं, पण होतं.

२० जानेवारी

एक गंमत. भट्टी मागच्या पडवीत आहे आणि भिंतीपलीकडे स्वयंपाकघर. घाव बसला की भिंतीपलीकडून एक बारीक आवाज येतो, किणकिण असा. घावागणिक. घावाच्या बसक्या आवाजात दुसऱ्या कोणाला तो ऐकूही आला नसता. मला वाटलं फडताळातली भांडी हादरत असणार. तुलसा म्हणाली, "असेल." मी फडताळ भिंतीपासून हातभर सरकवलं, मध्ये पोतं घातलं.

तरी आवाज येतोच. कोणतं भांडं आहे ते शोधावं लागेल.

२१ जानेवारी

भांडी उतरवून खाली ठेवली. तरीही.

२३ जानेवारी

आता आवाज येत नाही. तुलसा घरी नसते म्हणून शांतता आहे असं नाही, भांडंच जागेवर बसलं असणार. मी भट्टी पेटवली की ती चप्पल घालून निघते. फिरणं चांगलं, तब्येत सुधारेल. जावई गोंदियाहून पॅसेंजरनं आले, त्यांनी सांगितलं की मामीजी, म्हणजे तुलसा, स्टेशनवर बाकावर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं कुठं जायचं, तर म्हणाल्या कुठंच नाही, मालगाडी चांगली वाजते.

मला वाटतं तिला योगेश्वरीकडे जायचं आहे आणि बोलायला संकोचते. मी म्हटलं, जा चार दिवस पोरीकडे. तर म्हणाली, "मी गेली त त्याच्यापाशी कोन राहीन?" मी म्हटलं, मी आहे की.

२७ जानेवारी

हे लिहावं की नाही कळत नाही. ठशाच्या कामाचं नाही. पण लिहितो.

आज तुलसा बाहेर गेली नाही. माझ्या ध्यानात आलं नाही, मी कामात होतो. अर्ध्याहून जास्त शिक्के झाले होते, आता चार दिवसांत पुरे होतील अशी हिंमत आली होती. घाव घातला आणि तीच किणकिण आली, पण या वेळी भिंतीपलीकडून नाही. जवळून. पुढच्या घावाला घण उचलता उचलता मागं वळून पाहिलं. तुलसा पडवीच्या दारात उभी होती, दोन्ही हात गालावर. मी हातातला घाव घातला, थांबता आलं नाही, घण खाली येतच होता. आणि तिचं सगळं अंग दचकलं. बांगड्या वाजल्या.

ती आली आणि ऐरणीपाशी बसली. घण माझ्या हातातून घेतला नाही, नुसता ऐरणीवर हात ठेवला, ठसा होता तिथं.

"बस करा जी," म्हणाली. "लागत असन त्याले."

मी म्हटलं, अगं पितळ आहे. ती म्हणाली तिला माहीत आहे पितळ आहे. मग आम्ही दोघं बसून राहिलो. भट्टी आपोआप विझली.

२९ जानेवारी

घण हातात घेतला, परत ठेवला. कानात तो आवाज बसला आहे. बसका घाव आणि त्याच्या मागून बांगड्या. आधी मला त्यातला पहिला आवाजच चांगला वाटत होता.

टिकाराम मिलच्या दारात भेटला. त्याला तंबाखू दिली. तो म्हणाला, "भाऊ, गुड्डू हाये म्हनून सांगितलं असतं त मी पयल्या दिवशीच नाई म्हटलं असतं. मले वाटलं फूल-बिल असन." मग चुना मळत म्हणाला, "एक डाव मारला, दुसरा डाव मारला, मंग हातच उचलेना."

८ फेब्रुवारी

काल बरसी झाली. शिक्के दिले नाहीत. झालेले शिक्के तुलसानं घरातच ठेवले, लुगड्यात बांधून. मी विचारलं नाही कुठं.

वाटीही दिली नाही, वेळ उरला नव्हता. पंगत चांगली झाली. लोक जेवून, हात धुऊन, रिकाम्या हातानं गेले. बैलगाडीपाशी माझी वहिनी तिच्या सुनेला पोवारी बोलीत माझं नाव घेऊन म्हणत होती की जियालालनं अख्ख्या तालुक्याच्या मयतांची नावं कोरली, पोटच्या पोरासाठी एक चमचा कोरला नाही. एवढ्या लांबून मला शब्द न् शब्द ऐकू आला. पूर्वी असतं तर मी तिथंच हसत जाऊन तिला उलटं ऐकवून आलो असतो. काल नुसता गाडी जुंपायला हात दिला.

१३ फेब्रुवारी

तुलसा स्वतःहून बोलली. म्हणाली, न ठोकता होत नाही काय? मी म्हटलं, होतं, साच्यात ओतून. पण ओतलेल्या कामाला धार नसते. ठोकलेल्या शिक्क्यावर मिशीचा केस दिसतो, ओतलेल्यात नुसती मिशी दिसेल, तीही दिसली तर. आमच्या धंद्यात ते कच्चं काम.

"धार कायले पायजे?" म्हणाली.

वाघ नदीची बारीक रेती आणली, चाळली, गुळाचं पाणी घालून कालवली. दोन लाकडी चौकटी. खालच्या चौकटीत रेती भरून ठोकलेला एक शिक्का दाबायचा, वर दुसरी चौकट, मग उघडून शिक्का अलगद काढायचा. रेतीत चेहरा राहतो. मी रेती ठासायला मुसळी घेतली तर तिनं बाजूला केली. तळव्यानंच दाबली. मला वाटलं इतक्या हलक्या दाबानं आकार उतरायचा नाही. पण उतरला.

जुन्या नळाच्या तोट्या मुशीत वितळवून ओतल्या. काढला तर जसं म्हटलं होतं तसंच. मिशी गेली. पुसट. मी म्हटलं बघ, कच्चं काम.

तिनं तो उन्हात धरला. कितीतरी वेळ धरला. मग म्हणाली, "दहावीत होता तवाचा हाये."

मी बघितलं. मिशी नसलेला गुड्डू. खरंच.

१६ फेब्रुवारी

आज नोंद करण्यासारखी गोष्ट सापडली. पितळ थंड होताना आकसतं, म्हणून ओतलेला शिक्का मुळापेक्षा किंचित लहान होतो. आता त्या ओतलेल्या शिक्क्यालाच रेतीत दाबून दुसरा ओतला, तर तो आणखी लहान, आणखी गुळगुळीत. कामाच्या दृष्टीनं ही खोटच. कोणीही कारागीर असं करणार नाही, मूळ सोडून नकलेची नक्कल.

तुलसानं ते करायला लावलं. दुसऱ्यात जबड्याचा कोन गेला, गाल भरले. तिसऱ्यात नाकावरचा उंचवटा गेला. तिनं सांगितलं, हा तवाचा, सायकल शिकला तवाचा. चौथा काढला तेव्हा कान नुसता एक ठिपका उरला होता, कपाळ मोठं, हनुवटी नाहीच. मी म्हटलं आता हा कोणाचाही चेहरा झाला. ती हसली. तिनं सांगितलं कोणत्या दिवसाचा. आंगणवाडीत पहिल्यांदा सोडलं आणि त्यानं मागं वळून पाहिलं, त्या दिवसाचा.

वर्षानंतर ती हसली. योगेश्वरीला सांगायला हवं. नको, फोनवर सांगता येणार नाही.

मुशीत पितळ तयार होतं, तळापासून चमकत होतं. माझा हात आता सैल झाला होता, म्हटलं आणखी एक काढू, पाचवा. चौथा शिक्का रेतीवर ठेवला आणि दाबणार, तेवढ्यात तिनं माझ्या अंगठ्याखालून तो काढून घेतला. राख पुसली. पदरात ठेवला.

"आता नोको," म्हणाली. "याच्याहून लहान केला त तो मले ओळखनार नाई."

मी भाता थांबवला. पितळ मुशीतच निवू दिलं.